अडीच वाजताचा कॉल

केशवापूर, हुबळी
रविवार, ५ डिसेंबर १९८२

प्रिय मंगल,

तुझं पत्र गुरुवारी हाती आलं. ऑफिसातून आले तर घरमालकीण कमळाबाईंनी ते माझ्या खिडकीच्या गजात खोवून ठेवलं होतं. हातपाय धुवायच्या आधीच फोडलं आणि वाचून चपलासुद्धा न काढता तशीच बसून राहिले. शाळेची नोकरी सोडून तू हुबळीला परत येणार, महिनाअखेर राजीनामा देणार, का तर आईला एकटीला झोप लागत नाही, आई रात्री किंचाळते, तिच्याजवळ कुणीतरी हवं! अगं, सहा महिन्यांपूर्वी तुझी ऑर्डर आली तेव्हा तू अख्ख्या चाळीला पेढे वाटलेस. अळणावरच्या पुढचं ते गाव नकाशात सापडेना, तरी म्हणालीस, आई, मराठी शाळा आहे, पोरं आहेत, मला आणखी काय हवं! आणि आता माझ्या झोपेवरून सरकारी नोकरी ओवाळून टाकतेस? तुझे अप्पा असते तर आधी तुला रागावले असते आणि मग मला.

दोष माझाच आहे, कबूल करते. गेली चार वर्षं प्रत्येक पत्रात मी लिहीत आले, 'मी मजेत आहे, झोप छान लागते, काळजी नसावी.' ते सगळं खोटं होतं आणि तुला ते खोटं आहे हे ठाऊक होतं. खोट्याच्या कपाळी गोटा म्हणतात, तो आता माझ्या कपाळी बसला. म्हणून आज सगळं खरं लिहायला घेतलं आहे. उद्या सहा डिसेंबर, संध्याकाळी विहारात मेणबत्त्या लावायला जायचं आहे, मग वेळ मिळणार नाही. तेव्हा आज दुपारचं जेवण उरकून, दाराला कडी घालून बसले आहे. पत्र लांबलं तर कंटाळू नकोस. तू जे विचारलं आहेस, म्हणजे जाग आल्यावर छाती किती वेळ धडधडते, परत डोळा लागायला किती वेळ जातो, दिवा चालू ठेवून झोपलं तर बरं पडतं का, त्या सगळ्याची उत्तरं देते. इतके बारीक प्रश्न तुला सुचले कसे ते तूच जाणे.

तुला आपलं रेल्वेचं क्वार्टर आठवतं ना? गार्डाच्या घरात रात्र कधी आपली नसतेच. मालगाडी केव्हा सुटणार हे ना ह्यांना ठाऊक ना मला. सुटायच्या दोन तास आधी कॉलमन धोंडिबा कंदील आणि कॉलबुक घेऊन यायचा, कडी तीनदा वाजवायचा आणि दबक्या आवाजात म्हणायचा, "गार्डसाब, कॉल." निरोप मिळाला म्हणून कॉलबुकात गार्डानं स्वतः सही करायची, असा नियम. पण नवऱ्याला आणखी अर्धा तास झोपू द्यावं म्हणून आमच्या लाइनीतल्या झाडून सगळ्या बायका नवऱ्याच्या नावानं सही ठोकायच्या. धोंडिबाला ठाऊक, ऑफिसला ठाऊक, कुणी काही बोलायचं नाही. मला तर अप्पांनी मुद्दाम गिरवून घेऊन शिकवली होती, इंग्रजीतली, शेवटच्या फराट्यासकट. सही करायची, स्टो पेटवायचा, जोंधळ्याच्या दोन भाकऱ्या थापायच्या, शेंगाचटणीवर तेल घालायचं, डबा बांधायचा आणि सगळ्यात शेवटी ह्यांना हलवून उठवायचं. एकोणीस वर्षं हे केलं. हात अर्धवट झोपेतच चालायचे.

मग सत्त्याहत्तरचा फेब्रुवारी आला. अप्पा आदल्या दिवशीच गाडी घेऊन घाटाकडे गेले होते. रात्री अडीचला कडी वाजली, तीनदा. मी झोपेतच उठले, दार उघडलं आणि सहीसाठी हात पुढे केला. धोंडिबाच्या हातात कॉलबुक नव्हतं. मी म्हटलं, अरे, हे तर कालच गेलेत की ड्यूटीवर, मग कॉल कुणाला? त्यानं कंदील खाली ठेवला आणि उंबऱ्यावरच बसला. तिनईघाटाजवळ ब्रेकव्हॅनमध्ये, गाडीच्या शेवटच्या डब्यात, अप्पांच्या छातीत कळ येऊन सगळं संपलं होतं. तू आत झोपली होतीस. एक गोष्ट तुला मी कधी सांगितली नाही. तुला लगेच उठवलं नाही मी. पाऊण तास तुझ्या उशाशी बसून होते. म्हटलं, पोरीची एवढी तरी झोप होऊ दे.

पुढचं तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे, कारण मला त्यातलं काही आठवायचंच नाही. तू सांगायचीस, आई ताडकन उठून बसते, डोळे सताड उघडे, दाराकडे बघून किंचाळते, हाक मारली तरी ओळखत नाही. मला कळायचं ते एवढंच, की घसा दुखतो आहे, अंग घामानं भिजलं आहे आणि पोरगी माझा हात धरून बसली आहे. नंतर नंतर तर माझा पदर मनगटाला गुंडाळून झोपायला लागलीस, मी उठले की तुला हिसका बसावा म्हणून. सोळा वर्षांची होतीस. त्यापायी मॅट्रिकची परीक्षा एक वर्ष पुढे ढकललीस. शेजारणी म्हणायच्या, काय माया करते लेक! आणि मीही मान डोलवायची. त्या मान डोलवण्याची मला आता फार लाज वाटते.

अठ्ठ्याहत्तर साली तू शिकायला बेळगावला मामाकडे गेलीस, मला अनुकंपेवर रेल्वेच्या ऑफिसात फायली न्यायची-आणायची नोकरी मिळाली, क्वार्टर सोडून मी ह्या खोलीत आले, आणि एकटीच्या रात्री सुरू झाल्या. गंमत बघ, दिवसा मी कुणाच्या बापाला भीत नाही. कोप्पीकर रोडवर अंगावर येणाऱ्या सायकलवाल्याला भर रस्त्यात थांबवून दम दिला आहे. पण दिवेलागण झाली की ती ऐट संपायची. झोप लागणार नाही ह्या भीतीनं मी आठ वाजताच आडवी व्हायची, म्हणजे आठ ते अडीच आढ्याकडे बघत पडायचं. कडी लागली आहे ना, हे सहा सहा वेळा उठून बघायचं. घड्याळ उशाशी, दर दहा मिनिटांनी त्याच्याशी नजरानजर. एवढं करून डोळा लागला की लागलीच किंचाळी, आणि पलीकडून कमळाबाई दिवा घेऊन धावत यायच्या, "एन आतरी अक्का?" काय झालं ते मलाच ठाऊक नसायचं, त्यांना काय सांगणार?

त्या बिचारीनं उपाय करायचं काही बाकी ठेवलं नाही. मारुतीचा अंगारा आणला. बाबासाहेबांच्या तसबिरीसमोर बसून कपाळाला अंगारा लावायचा मला धीर होईना, आणि बाईंचं मनही मोडवेना. पुडी घेतली आणि पिठाच्या डब्यामागे ठेवून दिली. मग म्हणाल्या, उशाखाली लोखंड ठेवा, विळा ठेवा. तो ठेवला. चौथ्या रात्री तो विळा हातात घेऊन मी झोपेतच दाराशी उभी! अंगठा कापला तेव्हा जाग आली. तुला लिहिलं होतं, भाजी चिरताना लागलं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. त्यांनी रात्र सरायची, पण दिवसही झोपेतच जायचा. एकदा बदल्यांच्या फायली मी पगाराच्या टेबलावर ठेवून आले आणि चार माणसांच्या बदल्या दोन दिवस कुणाला सापडेनात. ती चार माणसं खूश होती म्हणा. शेवटी डॉक्टरांनाच सांगून गोळ्या थांबवल्या.

आता जे सांगते ते तुझ्यापासून मुद्दाम लपवलं होतं. ह्या वर्षी मार्चात शेजारच्या खोलीत तुकाराम नावाचे एक गार्ड राहायला आले. मिरजेहून बदली झालेली, बायको गावाकडे, हे एकटेच. ते आल्याच्या आठवड्यातच एका रात्री वीज गेली होती आणि माझी कडी वाजली, तीनदा. मी उठले. खरं सांगते मंगल, मला काहीसुद्धा वेगळं वाटलं नाही. डोक्यावर पदर घेतला, दार उघडलं, कंदिलाच्या उजेडात पुस्तक पुढे आलं, मी अप्पांची सही केली, फराट्यासकट. धोंडिबा 'येतो' म्हणून निघून गेला. त्याला आता कमी दिसतं, अंधारात तो एक दार चुकला होता. नव्या गार्डाची बायको गावाकडे असते हे त्याला कुठून ठाऊक, आणि सही बाईमाणसानं केली ह्यात त्याला नवल ते काय! मी स्टो पेटवला, दोन भाकऱ्या थापल्या, चटणीवर तेल घातलं, डबा बांधला आणि ह्यांना उठवायला खाटेजवळ गेले. खाटेवर माझी वाकळ होती, दुसरं कुणी नव्हतं.

तेव्हा मी खरी जागी झाले. वाटलं, आता किंचाळणार. छाती धडधडली, पण किंचाळी काही आली नाही. घरभर भाकरीचा वास सुटला होता आणि मला भूक लागली होती. रात्री तीन वाजता जमिनीवर बसून मी तो डबा सोडला आणि दोन्ही भाकऱ्या खाल्ल्या. खाता खाता रडले. पाच वर्षांत रडले नव्हते असं नाही, पण अशी पोटभर रडले नव्हते. मग आडवी झाले ती सकाळी सात वाजता कमळाबाईंनी दार बडवलं तेव्हा उठले. पाच वर्षं मी ज्या आवाजाची वाट बघत जागत होते तो आवाज आला होता, आणि कुणी मेलं नव्हतं. शेजारच्या गार्डाची ड्यूटी लागली होती, इतकंच.

अर्थात तो शेजारचा गार्ड खुशाल घोरत पडला होता आणि यार्डात त्याची मालगाडी दीड तास ताटकळत उभी! चौकशी लागली. कॉलबुक तपासलं तर सही पाच वर्षांपूर्वी वारलेल्या माणसाची. धोंडिबानं पिऊन थट्टा केली असंच सगळ्यांना वाटलं. त्याच्या निवृत्तीला एक वर्ष राहिलेलं. मला कळल्यावर मी दुपारच्या सुट्टीत चौकशी करणाऱ्या साहेबांपुढे जाऊन उभी राहिले. माझीही नोकरी जाईल ही भीती होतीच. पण चार कारकुनांच्या देखत सांगितलं, सही माझी आहे. मला रात्री अडीचला रोज भास होतो, मी किंचाळते, मी कुठे आहे ते मला कळत नाही, त्या रात्री मला वाटलं हे घरात झोपलेत. पाच वर्षांत हे मी पहिल्यांदा तोंडानं बोलले. साहेब उठले, स्वतःची खुर्ची पुढे सरकवली, "कुंदर्री अव्वा" म्हणाले, आणि मी बसले. धोंडिबाला ताकीद देऊन सोडलं. मला कुणी काही विचारलं नाही. फक्त आता सही गार्डानंच करायची असा कडक हुकूम निघाला आहे, त्यामुळे लाइनीतल्या बायका माझ्या नावानं बोटं मोडत असतील.

त्याच संध्याकाळी धोंडिबा घरी आला. चहा पुढे ठेवला तो तसाच निवला. म्हणाला, "वैनी, त्या रात्री कॉलबुकाबिगर तुमच्या दारात आलो, तवापासनं कुठलीबी कडी वाजवायच्या आधी हात अडतो बघा. तीस वर्सं झाली लोकास्नी उठवतोय. पर मला कुणी इचारलं न्हाई, धोंडिबा, तुला झोप लागती का म्हणून." मी विचारलं, लागते का? म्हणाला, दिवसा लागते. बायको पायाशी बसून शेंगा फोडते तेव्हा. ती बोलत काही नाही, पण कुणीतरी जागं आहे एवढं कळलं की डोळा मिटतो. मला आपलं वाटायचं, ती रात्र फक्त माझ्यावर कोसळली. ह्या माणसावरही कोसळली होती, आणि तो बिचारा रोज दारं वाजवत हिंडत होता.

तेव्हापासून मी काय करते ते सांगते, नीट वाच. पहिलं म्हणजे कमळाबाईंना खरं काय ते सांगून टाकलं. आता मी ओरडले तर त्या धावत येत नाहीत, हलवत नाहीत, दिवा तोंडाशी धरत नाहीत. भिंतीपलीकडून नुसतं म्हणतात, "एनिल्ल, मल्कोरी अक्का," काही नाही, झोपा. मी ऐकते की नाही देव जाणे, पण निजते म्हणे. दहाच्या आधी अंथरुणाला पाठ लावत नाही. चारनंतर चहा नाही, ते फार जड गेलं. घड्याळ स्वयंपाकघरात पातेल्याखाली झाकलेलं असतं. कडी एकदाच बघायची, मोठ्यानं 'लागली' म्हणायचं आणि वळायचं. खोलीत दिवा नको, डोळ्यावर येतो आणि झोप कच्ची राहते. व्हरांड्यात असला तर चालतो. जाग आल्यावर छाती धडधडते ती फार तर पाच-दहा मिनिटं. तेवढ्यात कुणी मरत नाही, हे मी माझ्यावरून सांगते. परत डोळा लागायला अर्धा तास तरी जातो, आणि नाहीच लागला तर लोळत पडायचं नाही. उठून शेंगा सोलत बसते, त्यामुळे हल्ली घरात चटणी कमी पडत नाही. आणि रात्र कशीही गेली तरी सकाळी सहाला उठायचंच, दुपारी कितीही डुलक्या आल्या तरी. मी बरी झाले असं म्हणणार नाही. गेल्या महिन्यात चारदा ओरडले. पण दिवेलागणीची भीती वाटत नाही आता. तुकाराम भेटले की म्हणतात, अक्का, माझ्या नावचा डबा तुम्ही खाल्लात, तो अजून तुमच्याकडून येणं आहे. रविवारी एकदा बोलावून जेवू घातलं.

आता पत्र का लिहिलं ते. बुधवारी, तुझ्या पत्राच्या आदल्या दिवशी, मला एक कार्ड आलं. तू राहतेस त्या घरच्या लक्कव्वांचं, पोस्टमनकडून लिहवून घेतलेलं. तुमची बाई रात्री उठून बसते, ओरडते, आम्हाला ओळखत नाही, कंदील रात्रभर जळत असतो, निम्मी झाली आहे पोर. आईला कळवू नका म्हणून तिनं शपथ घातली आहे, पण मलाही लेकी आहेत, असं त्या लिहितात. म्हणजे बाळा, तू माझ्या सोबतीला येत नाहीस. तुला स्वतःलाच सोबत हवी आहे आणि ते लिहायची लाज वाटली. मी रागावू कशी? मीही तुझ्याशी चार वर्षं खोटंच बोलले. आणि तू निवांत झोपायच्या वयात माझ्यासाठी जागत बसलीस, ते मी बसू दिलं. चुकलं माझं, मंगल. मी आठ दिवसांची रजा टाकली आहे. कारण विचारलं तेव्हा खरं तेच सांगितलं. शनिवारी लोंढा पॅसेंजरनं अळणावरला उतरेन, पुढे विचारत विचारत येईन, तू शाळा बुडवू नकोस. लक्कव्वांना सांगून ठेव की मीही ओरडते, नाहीतर एकाच रात्री मायलेकी सुरू झालो तर गाव काठ्या घेऊन जमेल. आठ दिवसांनी मी परत फिरेन आणि तू तिथेच राहशील, असं मला वाटतं. राजीनामा लिहून झाला असेल तर मी येईपर्यंत टाकू नकोस. आठ दिवसांनंतरही तुला यावंसं वाटलं तर तुझी ट्रंक मी स्वतः उचलीन, फक्त मग माझं नाव सांगून येऊ नकोस. हे पत्र बुधवारी मिळेल. मध्ये तीन रात्री उरतात. तेवढ्या काढ, चौथ्या रात्री मी तिथे असेन.

तुझीच,
आई